मूळ फाइल कुठं आहे?

कडोलीत पहाट होते ती डिझेल इंजिनांच्या आवाजानं. बेळगावच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरांवर, मार्कंडेय नदीच्या अंगानं वसलेलं हे गाव. दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवणारं गाव म्हणून ते सीमाभागाबाहेरही ठाऊक आहे. बेळगावच्या भाजी बाजारात मात्र त्याची ओळख कोबी, बटाटा आणि रताळ्यांमुळे आहे. अंधारात पोती चढतात, ताडपत्रीच्या दोऱ्या आवळल्या जातात आणि गाड्या निघतात. काही गाड्या बाजारात माल उतरवून परततात, काही तशाच पुढं जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात जातात. गोव्याच्या जेवणातली भाजी मोठ्या प्रमाणात अशी बेळगावहून खाली उतरते.

गेल्या पौषात मी आत्याच्या घरी गेलो होतो. सकाळी नऊच्या सुमाराला अंगणात आतेभावाची २०२१ सालची डिझेल पिकअप बॉनेट उघडून उभी होती. सोप्यातल्या प्लगातून वायर ओढून आणलेली, स्टुलावर लॅपटॉप आणि त्यातून निघालेली केबल स्टिअरिंगखाली गेलेली. बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला पुतण्या मांडी घालून बसला होता.

"काय करूलाईस रे?"

"काका, स्टेज वन टाकूलोय. वीस हॉर्सपॉवर वाढतात म्हणे."

आतेभाऊ गोठ्याकडून हात पुसत आला. "गाडी ओढच धरेना झालीय गा. चढाला दम लागूलाय तिला. शोरूमवाला म्हणतो, सगळं ठीक आहे. खरं चालवणाऱ्याला कळतंय की."

पोरानं इंटरनेटवरून तीन-साडेतीन हजारांचं एक यंत्र मागवलं होतं. मूळ युरोपीय यंत्राची चिनी नक्कल. त्याच्याच वर्गातल्या कुणीतरी मोबाइलवरच्या एका ग्रुपातून 'तयार' फाइल आणून दिली होती. आता फक्त एक बटण दाबायचं राहिलं होतं. मी एकच विचारलं, "मूळ फाइल कुठं आहे?"

तो गप्प झाला. यंत्रानं गाडीतली मूळ फाइल वाचून घेताना दोनदा अडखळलं होतं, म्हणून त्यानं तो टप्पाच सोडला होता. मी केबल काढायला लावली. त्याला राग आला, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी हा प्रश्न का विचारला, हे त्याला त्या रात्री सांगितलं. इथंही आधी तेच सांगतो.

२०१९ मध्ये मी माझी पेट्रोल कार एका गॅरेजात 'मायलेज ट्यून' करून घेतली. हात काळे न झालेला, नीटनेटका माणूस होता. वीस मिनिटांत काम झालं. लिटरमागे किलोमीटर-दीड किलोमीटर वाढल्यासारखं वाटलंही. तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल पाच टक्क्यांच्या आसपास होतं. पुढं प्रमाण वाढत गेलं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचलं. नुसतं पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, वजनानं. इथेनॉलला नऊच. म्हणजे वीस टक्के मिश्रणाला तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं, प्रमाण साडेतेराच्या जवळ येतं. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवतो, पण त्याच्या वाढवण्याला मर्यादा असते, आणि त्या गॅरेजवाल्यानं इंधन आधीच कातरून ठेवलं होतं. गाडी ओव्हरटेकला अडखळू लागली. इंजिनाचा पिवळा दिवा लागला. कोड निघाला पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी. मी त्या गॅरेजवाल्याकडं मूळ फाइल मागितली. त्यानं सांगितलं, हार्डडिस्क उडाली. शेवटी कॉम्प्युटरच बदलावा लागला. मला त्या पैशांपेक्षा एक गोष्ट जास्त लागली: सहा वर्षं मी जी गाडी चालवत होतो तिच्यात नेमकं काय लिहिलंय, हे मलाही ठाऊक नव्हतं आणि लिहिणाऱ्यालाही आठवत नव्हतं.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडला नसता. म्हैसूरच्या कारखान्यातून आलेली येझ्दी असो की आकुर्डीची चेतक, गाडीचं 'सेटिंग' म्हणजे कार्बोरेटरचा स्क्रू. आत घट्ट बसवायचा, मग दीड-दोन फेरे मागे सोडायचा आणि कान लावून ऐकायचं. प्लग काढून रंग बघायचा. विटकरी-तपकिरी असला तर बरोबर, काजळी धरली तर पेट्रोल जास्त, पांढराफटक पडला तर कमी. पॉइंट कागदानं घासायचे. चुकलं तर स्क्रू पुन्हा मोजून मागे. ही सगळी विद्या घरी केली तरी चालत असे, कारण मोजायची साधनं माणसाच्या अंगावरच होती आणि परतीचा रस्ता त्या स्क्रूच्या फेऱ्यांतच होता.

डिझेलच्या बाबतीतही तसंच. ऊस ओढणारे ट्रॅक्टर घ्या. पंप वाढवून देणारे मिस्त्री कोल्हापूर-निपाणी पट्ट्यात आजही आहेत. पन्नास हॉर्सपॉवरच्या आतल्या बहुतेक ट्रॅक्टरांत अजून यांत्रिक पंप आहे, म्हणून त्यांचं चालतं. पन्नासच्या वरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे प्रदूषण नियम लागले आणि तिथंही कॉम्प्युटर येऊन बसला. दुचाकीत भारतात पहिल्यांदा इंजेक्शन आलं ते २००६ च्या ग्लॅमरमध्ये. पण बहुतेक नव्या दुचाकींवरून कार्बोरेटर उतरला तो १ एप्रिल २०२० ला, बीएस-सहा लागू झालं तेव्हा. आमच्याकडं या सगळ्यांना एकच नाव आहे, 'सेन्सरची गाडी'. आणि ते म्हणताना आवाजात थोडी भीती असते.

त्या भीतीचं कारण समजून घ्यायला हवं. गाडीच्या कॉम्प्युटरात, मेकॅनिकांच्या भाषेत ईसीएममध्ये, तक्ते असतात. आडव्या रांगेत इंजिनाचे फेरे, उभ्या रांगेत भार, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा: इतक्या फेऱ्यांना, इतक्या भाराला, ठिणगी इतके अंश आधी पाडायची किंवा डिझेल इतकं सोडायचं. असे शेकडो तक्ते एकमेकांत गुंतलेले असतात; ते सगळे मिळून ती 'फाइल'. टर्बोचा दाब, धुराची मर्यादा, गिअरबॉक्सला सोसेल तेवढा जोर, पाण्याचं तापमान, बाहेरच्या हवेचा दाब. कंपनीचे इंजिनिअर हे आकडे भरायला लडाखची थंडी आणि विदर्भातला मे महिना, दोन्ही ठिकाणी गाड्या फिरवतात. भेसळीचं इंधन, धुळीनं भरलेला फिल्टर, दहा वर्षं झिजलेलं इंजिन, हे सगळं धरून ते थोडी जागा राखून ठेवतात. ट्यूनिंग म्हणजे त्या राखीव जागेतली थोडी जागा वापरायला काढणं. टर्बो डिझेलमध्ये ट्यूनर वीस-पंचवीस टक्के जोर वाढवून दाखवतात, टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत पाचसात टक्के. तेवढं खरोखर निघतं. पण ते राखीव जागेतूनच निघतं.

आणि इथं कान उपयोगी पडत नाही. पेट्रोल इंजिनात ठिणगी जरा जास्तच आधी पडली तर मिश्रणाचा एखादा कोपरा आपोआप पेट घेतो, पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आघात होतो. त्याला नॉकिंग म्हणतात. हळू चालताना ते ऐकू येतं. साडेचार-पाच हजार फेऱ्यांवर, काचा बंद करून, टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ते ऐकू येत नाही. पिस्टनचं नुकसान मात्र तिथंच होतं. डिझेलमध्ये धूर दिसतो म्हणावं, तर नव्या गाडीचा धूर डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी गाळणाऱ्या जाळीत, अडतो. काळा धूर डोळ्याला दिसत नाही म्हणून ड्रायव्हर समाधानी असतो आणि आतली जाळी काजळीनं भरत जाते. ती जाळी साफ करायला गाडी स्वतःच तिचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेते, त्यासाठी सलग, वेगानं चालणं लागतं. कडोलीहून बेळगावच्या बाजारात जाऊन परत यायचं, तर ते कधी पुरं होतच नाही. गोव्याच्या फेरीत होतं. एकाच अंगणातल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एकीची जाळी तुंबते आणि दुसरीची नाही, याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

हवेचंही असंच. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच. इथली हवा पणजीच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. घाट उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटरांत गाडी घट्ट, दमट हवेत जाते. तेवढाच दाब तयार करायला बेळगावात टर्बोला जास्त वेगानं फिरावं लागतं. कंपनीच्या तक्त्यात याची सोय असते. मोबाइलवर मिळालेली फाइल कुणी, कुठल्या उंचीवर, कुठल्या डिझेलवर जुळवली होती, हे त्या फाइलवर लिहिलेलं नसतं.

तर आतेभावाच्या गाडीकडं परत येतो. दुपारी आम्ही तेच यंत्र लावलं, पण फक्त वाचायला. वाचणं आणि लिहिणं यांतला फरक मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाचायचं साधन हजाराच्या आत मिळतं आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्याच्या घरी सेन्सरची गाडी आहे त्यानं ते ठेवावं, वापरायला शिकावं. त्यानं काही बिघडत नाही. स्क्रीनवर कोड आला पी०२९९. टर्बोचा दाब मागितला तेवढा तयार होत नाही. दिवा लागलेला नव्हता, कारण चूक अधूनमधून होत होती. पोरगा खाली वाकला, बॅटरी लावली, आणि टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या खालच्या अंगाला बोट लावलं. बोट तेलानं माखलं. क्लिपच्या कडेला नळी चिरली होती. भार पडला की चीर उघडायची, गाडी रिकामी असली की मिटायची. म्हणून शोरूमच्या आवारात गाडी 'ठीक' होती.

या नळीवर स्टेज वन टाकलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशोब पोरानंच त्या रात्री कागदावर मांडला. त्या फाइलनं धुराची मर्यादा वर सरकवून डिझेल वाढवलं असतं. हवा तर चिरेतून बाहेर जात होती. म्हणजे जास्त डिझेल, कमी हवा, जाळीत काजळी, टर्बोच्या तोंडाशी वाढलेली उष्णता. आतेभाऊ ऐकत बसला होता. तो हळूच म्हणाला, "आणि भरलेली गाडी तर घाट उतरतीय. चढताना रिकामीच असतीय की." हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. गोव्याच्या फेरीत माल जातो तो उताराला. तिथं जोरापेक्षा ब्रेक आणि गिअर नीट असणं गरजेचं.

मग हे काम जाणत्या ट्यूनरकडं न्यावं का? इतकं सोपं उत्तर मी देणार नाही, कारण 'व्यावसायिक' या शब्दाखाली दोन फार वेगळे धंदे चालतात. एकीकडं असे लोक आहेत ज्यांच्याकडं डायनो आहे. गाडीची चाकं रोलरवर चढवून ते आधीचा जोर मोजतात, मग थोडं बदलतात, पुन्हा मोजतात, मिश्रण आणि नॉकिंग दोन्हींची नोंद ठेवतात, रस्त्यावर घेऊन जातात, परत येऊन सुधारतात. पुणे आणि बेंगळुरूत असे लोक आहेत. बेळगाव या दोघांच्या मध्ये. पुणं साडेतीनशे किलोमीटरांच्या आत, बेंगळुरू पाचशेच्या आसपास. फी वीस-पंचवीस हजारांच्या पुढंच, वर जाण्यायेण्याचे दोन दिवस. भाजीवाल्याच्या गाडीचे दोन दिवस म्हणजे दोन फेऱ्या.

दुसरीकडं फाइल विकणारे आहेत. ते वापरतात त्या यंत्रांत मालक-यंत्र आणि गुलाम-यंत्र असे प्रकार असतात. गुलाम-यंत्रानं वाचलेली फाइल कुलूपबंद निघते. गॅरेजवाला ती उघडू शकत नाही. तो ती मालक-यंत्रवाल्याकडं ईमेलनं पाठवतो, तिकडून थोड्या वेळात बदललेली फाइल येते आणि गाडीत जाते. पाठवणाऱ्यानं आत पाहिलेलं नसतं आणि बदलणाऱ्यानं गाडी पाहिलेली नसते. पुतण्यानं अंगणात बसून जे केलं असतं त्यापेक्षा हे फार वेगळं नाही, फक्त एसीत बसून आणि पावती देऊन. माझ्या गाडीचं झालं ते याच पद्धतीनं. म्हणून गॅरेजात मी आता पहिल्यांदा पाहतो तो माणूस मला किती प्रश्न विचारतो ते. किती चालली, कुठं चालते, भार किती, आधी कुणी हात लावलाय का, शेवटचा फिल्टर कधी बदलला? जो काहीच न विचारता भाव सांगतो, त्याच्याकडून मी उठतो. आणि काम सुरू होण्याआधी मूळ फाइल पेन ड्राइव्हवर माझ्या हातात पाहिजे. एवढं मागितल्यावर जो कुरकुरतो त्यानंही आपली निवड सोपी केलेली असते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, पण ती सांगायलाच हवी. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या गाडीमालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. डीपीएफ काढून टाकणारे, थोडा धूर इंजिनात परत फिरवणारा ईजीआर बंद करणारे गॅरेजवाले हे कधी सांगत नाहीत. ती काजळी कुणाच्या तरी फुप्फुसात जाते. कडोलीच्या शाळेतली मुलं याच रस्त्याच्या कडेनं चालत जातात. जाळी काढून टाकायला माझा सरळ विरोध आहे, मग ती घरी काढलेली असो की दुकानात.

वॉरंटीचंही तसंच. नव्या गाडीचा कॉम्प्युटर आतल्या तक्त्यांचा एक पडताळा-क्रमांक सांगतो. कंपनीच्या यंत्रानं तो विचारला की आकडा बदललाय हे कळतं. फाइल परत मूळ टाकली तरी कित्येक कॉम्प्युटरांत किती वेळा लिहिलं गेलं, याची मोजणी राहते.

पण म्हणून कुलूपबंद डबा तेवढा प्रामाणिक, असंही मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगननं कबूल केलं की जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल गाड्यांत अशी प्रणाली होती जी चाचणी चालू असल्याचं ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवायची. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेनं तपासणी केली आणि त्या वर्षअखेरीस कंपनीनं इथल्या तीन लाख तेवीस हजारांहून अधिक गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. ते तक्ते लिहिणारे जगातले उत्तमांतले व्यावसायिक होते. लबाडी उघडी पडली ती अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीच्या मागे मोजयंत्र बांधून ती रस्त्यावर चालवली म्हणून. म्हणून आपल्या गाडीत काय लिहिलंय ते वाचता येण्याचा हक्क मला फार मोलाचा वाटतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही आहेत. ट्रॅक्टरचा कोड काय म्हणतो हे बघायला शेतकऱ्यानं शोरूमची वाट बघत पेरणी थांबवावी, हे चालणार नाही.

त्या रात्री पोरगा चिडून म्हणाला, "मग शिकायचं कशावर, काका? सगळंच तुम्ही दुसऱ्यावर सोडा म्हणूलाय."

त्याचा प्रश्न रास्त होता. ज्या बेळगावात तो शिकतो, तिथंच १८८८ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचं दुकान काढलं होतं. जन्म याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, १८६९ चा. सायकलीपासून ते कडबा कापायच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे गेले. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये ते बेळगाव सोडून औंध संस्थानात गेले, तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा माणूस हातानं करून बघत शिकला. मात्र नांगर खपला नाही तेव्हाचं नुकसान त्यानं स्वतः सोसलं. आमच्या अंगणातल्या पिकअपवर तीन जणांचं घर आणि सोसायटीचा हप्ता उभा आहे. हे मी पोराला सांगितलं. त्यानं मान हलवली नाही, पण ऐकून घेतलं.

शिकण्याच्या जागा आहेत. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत स्पर्धा होते. तिथं इंजिनिअरिंगची मुलं बहुतेक वेळा केटीएम ३९० चं इंजिन घेऊन स्वतः तक्ते भरतात, रस्ता बंद, शेजारी आग विझवायचं साधन, प्रत्येक फेरीची नोंद. मेगास्क्वर्ट आणि स्पीडुइनोसारखे उघडे कॉम्प्युटर जगभरचे हौशी लोक वापरतात. त्यांत प्रत्येक तक्ता दिसतो, बदलता येतो आणि चुकला तर मागे नेता येतो. कार्बोरेटरचा तो स्क्रू या पोरांना परत मिळालाय, फक्त शेकडो फेऱ्यांचा.

पिकअपची नळी दुसऱ्या दिवशी बेळगावातून आणली, क्लिपांसकट. काम अर्ध्या तासाचं. मग पोरानं वेगळ्या, खात्रीच्या यंत्रानं मूळ फाइल वाचून घेतली, गाडीच्या बॅटरीला चार्जर लावून. मध्येच व्होल्टेज पडलं तर वाचणं अडखळतं, आणि लिहिताना पडलं तर कॉम्प्युटर मरतो, हे त्याला आता पाठ होतं. दोन पेन ड्राइव्ह केले. एक आरसी आणि विम्याच्या कागदांबरोबर पत्र्याच्या पेटीत गेला.

जूनमध्ये पुन्हा गेलो तेव्हा गोठ्याच्या कडेला, गोणपाटाखाली, भंगारातून आणलेलं मारुती ८०० चं इंजिन लोखंडी घोडीवर बसवलेलं होतं. तीन सिलिंडर, वायरी रंगीत टेपनं ओळखीच्या केलेल्या. शेजारी शंभर पानी वही. पहिल्या पानावर तारीख, हवेचा दाब, पाण्याचं तापमान आणि खाली तक्ता, अर्धा भरलेला. पाऊस लागला होता. आतेभावानं छत्री इंजिनावर धरली होती आणि पोरगा वाकून सेन्सरचा आकडा वाचत होता.

"लिही," तो बापाला म्हणाला, "नऊशे सव्वीस."

छत्री तशीच एका हातात धरून आतेभावानं दुसऱ्या हातानं आकडा लिहिला.